जीपखालचा गंज आणि वाडीची विहीर

गंज कधी चाखलाय? मी चाखलाय. शी! जीपखाली उताणं पडून घण मारला की तो सरळ तोंडात येतो, आणि आपण नेमकं तेव्हाच शिव्या द्यायला तोंड उघडलेलं असतं.

जीप बाबांची. गास गावात आमची पानवेलींची वाडी आहे, तिथे शेणखत आणायला ती खाडीकाठच्या खाजणातल्या खाऱ्या चिखलातून जाते. मी बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते, रविवारी वाडीवर जाते. त्या वर्षी पानांच्या कडा करपत होत्या. बाबा म्हणायचे, रोग पडलाय. औषधं मारून मारून थकले होते. आई गेल्यापासून ते त्या वेलींशीच बोलत असत. त्या वेलीही गेल्या तर या माणसाचं काय होईल?

त्यात जीपच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. तो बदलायचा तर आधी त्याला धरून ठेवणारे बोल्ट काढायला हवेत. "चुटकीसरशी निघतील," बाबा छाती काढून म्हणाले. "खाजणातून आली की मी खालून पाईप मारून धुतो. गंजायची काय बिशाद!"

कसली चुटकी न कसलं काय! नट निघाला, पण बोल्ट आतल्या बुशला, म्हणजे रबरात बसवलेल्या लोखंडी नळीला, असा चिकटला होता की हलायचं नाव नाही. डिझेल ओतलं. घण मारला. पान्याला पाईप घालून दोघं लोंबकळलो, तर बोल्टचं डोकंच झिजून गुळगुळीत झालं. मग गॅसने तापवला, तर बुशचं रबर पेटलं. त्या धुराने मला मळमळून आलं. केसांत काळं तेल, डोळ्यांत गंज, गळ्यावरून घामाचा आणि ग्रीसचा राडा ओघळतोय. आणि बाबा वरून विचारतायत, "अगं, हलला का?"

"तुम्हीच या ना खाली!" मी ओरडले.

शेवटी ग्राइंडरने कापला. अर्धा बोल्ट खाली पडला, त्याच्याबरोबर गंजाची खपली थेट माझ्या जिभेवर. थू थू करत मी बाहेर आले. वेलींना पाणी चालू होतं, तोच पाईप उचलून चूळ भरली.

खारट.

वाटलं, गंजाचीच चव. थुंकले, परत भरली. खारट. हाताला साबण चोळला, तर फेसच येईना, नुसता बुळबुळीत थर. किळसच आली.

"बाबा, हे पाणी खारं आहे."

"वेडी का काय? आपली विहीर गोडी. तुझे आजोबा हेच पाणी पीत होते."

पीत होते. घरात नळ आल्यापासून मात्र ते पाणी आमच्यापैकी कुणी तोंडातही घेतलं नव्हतं. ते फक्त वाडीला, आणि जीप धुवायला. आसपास सगळीकडे बोअर मारून टँकर भरतात, गोडं पाणी उपसलं की खाडीचं खारं आत शिरतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण आपली विहीर ती आपली विहीर!

बाबांनी ओंजळ पुढे केली. मी पाणी ओतलं. त्यांनी घोट घेतला, आणि थुंकले नाहीत. हट्टाने गिळला. मग दुसरा घेतला, तो मात्र त्यांना गिळवेना. तो हळूच मातीत सोडला आणि ओठ पुसले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "तरीच बोल्ट गंजले."

त्यांनी जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पंपाच्या खोलीकडे गेले आणि बटण बंद केलं. अर्धी वाडी अजून भिजायची होती. सरींमधलं उरलंसुरलं पाणी मातीत जिरेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता, जवळच्या वेलीचं करपलेलं पान हातात धरून म्हणाले,

"रोज मीच पाजत होतो गं हे त्यांना. आता संध्याकाळी काय पाजू?"