सावंतांचे डास

डोंबिवलीत आम्ही एकोणीस वर्षं सावंतांच्या घरात राहिलो आणि सावंत आमच्या घरात. भाडं कोणीच कोणाला दिलं नाही, कारण ही गोष्ट दोघांनाही माहीत नव्हती.

ती उघडकीला आली विलासच्या गुडघ्यांमुळे. विलास म्हणजे माझा नवरा. आमची इमारत बिनलिफ्टची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना त्याचे गुडघे असे वाजायचे की तो पहिल्या मजल्यावर पोचला की मी वर चहाचं आधण ठेवायचे. शेवटी ठाण्याला कोपरीत लिफ्टवालं घर पसंत केलं, टोकनही दिलं. आमच्या घराला गिऱ्हाईक मिळालं, टिटवाळ्याला भाड्याने राहणारं एक तरुण जोडपं. दोघंही मुलं गोड. आल्या आल्या पाया पडली. (त्या नमस्कारापायी मी किंमत जरा खाली आणली, हे विलासला अजून पचलेलं नाही.) आता त्यांचं कर्ज मंजूर झालं की इकडचं घर त्यांना, कोपरीचं आम्हाला, आणि गुडघे लिफ्टमध्ये. इतकं सरळ होतं सगळं!

कागदपत्रांची तर मला काळजीच नव्हती. सोसायटीची सेक्रेटरी मी. अख्ख्या इमारतीचे फॉर्म मीच भरते. "कागद नीट वाचत जा हो," हे वाक्य मी जिन्यात इतक्यांदा म्हटलंय की मला येताना पाहून लोक आपोआप चष्मा शोधायला लागतात.

मुलांच्या बँकेने घर बघायला माणूस पाठवला. चहा नको म्हणाला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं! (आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या बँकेतून आलेला माणूस दोन कप चहा आणि बशीभर चिवडा संपवून गेला होता. भिंतींकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. किती समाधानी माणूस!) ह्याच्या हातात इमारतीचा मंजूर नकाशा होता. त्याने तो सरळ धरला, मग उलटा धरला, मग नकाशा सरळ करून स्वतःच उलटा फिरला.

"मॅडम, रस्ता कुठाय?"

"खाली."

"तसं नाही. हॉलच्या खिडकीतून रस्ता दिसायला पाहिजे."

"आमच्या खिडकीतून नाला दिसतो."

"नाला आठ नंबरातून दिसायला पाहिजे. तुमचा सात ना?"

"सातच. दारावर पितळी आकडा लावलाय. आठ नंबर शेजारी, सावंतांचा."

तो बाहेर गेला. अर्धा जिना उतरला, पुन्हा चढून आला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येतात तसा चेहरा करून म्हणाला, "मॅडम, नकाशात जिना चढून आलं की डाव्या हाताचं घर सात. तुम्ही उजव्या हाताच्या घरात राहता."

"बरं मग?"

"मग तुम्ही जे विकताय ते तुमचं नाहीये. तुमचं ते." आणि त्याने सावंतांच्या दाराकडे बोट केलं.

आता हे झालं कसं? आम्ही आणि सावंतांनी घरं बुक केली तेव्हा इमारतीच्या जागी नुसते खांब होते. ताबा मिळाला एकाच दिवशी. बिल्डरच्या माणसाने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेली किल्ली हातात ठेवली, पुठ्ठ्यावर लिहिलेलं सात. किल्ली उजवीकडच्या दाराला लागली, दार उघडलं, आम्ही कलश घेऊन आत! दार उघडल्यावर शंका कोण काढत बसतो? सावंतांची आठची किल्ली डावीकडे लागली. पुठ्ठे बदलले होते, एवढंच. मग आम्ही दारावर आकडे ठोकले आणि वीजबिलापासून रेशनकार्डापर्यंत सगळं जग त्या आकड्यांच्या मागून चालत आलं.

बँकेचा माणूस गेल्यावर विलास बराच वेळ खिडकीतून नाल्याकडे बघत बसला. डावीकडच्या घरात सकाळचं ऊन येतं, समोर बदामाचं झाड आहे, गणपतीची मिरवणूक गादीवर लोळत बघता येते. आमच्याकडे नाला, आणि संध्याकाळी सहानंतर डास.

"म्हणजे," विलास म्हणाला, "एवढी वर्षं आपल्याला जे डास चावले ते..."

"ते काय?"

"ते सावंतांचे होते!"

इथे एक सांगायला हवं. सावंतवहिनींचं आणि माझं बोलणं चार वर्षं बंद होतं. कारण बाथरूम. आमच्या बाथरूमची मागची भिंत ती सावंतांच्या बेडरूमची भिंत. तिला ओल आली. सावंतवहिनी म्हणाल्या, "ज्याचं बाथरूम गळतं त्याने दुरुस्त करावं." आमचं बाथरूम आतून खडखडीत कोरडं, मी कशाला फरश्या फोडू? शेवटी वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "ज्याची भिंत त्याने रंगवावी!" टाळ्या पडल्या. सावंतवहिनी उठून गेल्या. तेव्हापासून जिन्यात समोर आलो की दोघींनाही अचानक मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला कोर्टाजवळ पेठे वकीलबाईंकडे गेलो. त्यांचं ऑफिस एवढं लहान की दार उघडायचं असेल तर अशिलाने उभं राहायचं. पेठेबाईंनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आहाहा! काय सुंदर केस आहे!"

(डॉक्टर किंवा वकील 'सुंदर' म्हणाले की उठून पळावं. पण मी उठले असते तर विलासला दार लागलं असतं.)

"सोपं आहे हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि सावंत जिथे राहता तिथेच राहायचं. फक्त कागदावरचे नंबर बदलायचे. चूकदुरुस्ती पत्र करू. तुम्ही, सावंत आणि बिल्डर, सगळ्यांनी रजिस्ट्रेशन ऑफिसात येऊन सह्या करायच्या. ते झालं की तुमचं घर विकायला मोकळं."

विलासच्या डोळ्यांत मात्र बदामाचं झाड उगवलं होतं. "पण मॅडम, कागदावर डावीकडचं घर आमचं आहे. रस्त्याकडचं. मग आम्ही तेच विकलं तर?"

"विका की. आत सावंत राहतात ना? त्यांच्यासकट विका."

"आणि त्यांनी सही नाहीच केली तर?" मी विचारलं.

"मग कोर्ट. तुमच्या मिस्टरांचे गुडघे सोडा, निकाल लागेपर्यंत तुमच्या नातवंडांचे गुडघे दुखायला लागतील."

झालं! कोपरीचं घर, टोकन, टिटवाळ्याची मुलं, गुडघे, सगळं येऊन अडकलं एका सहीवर, आणि ती सही कोणाची? जिचं तोंड मी चार वर्षं बघितलं नव्हतं तिची! (खरं सांगायचं तर त्या रात्री झोप येईपर्यंत मीही मनातल्या मनात सावंतांच्या खिडकीला पडदे लावून बघितले. क्रीम रंगाचे छान दिसले असते.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नकाशाची प्रत घेऊन सावंतांची बेल वाजवली. विलास मागे दोन पायऱ्या खाली उभा. गुडघ्यांमुळे, असं तो म्हणाला.

दार उघडलं. सावंतवहिनींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मेंटेनन्स भरलाय आम्ही."

"त्यासाठी नाही आले. आत येऊ का?"

सोफ्यावर बसून मी सगळं सांगितलं. नकाशा उलगडला. सावंत बँकेतून रिटायर झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी नकाशा दोनदा वाचला आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीच्या जाळीत त्यांनी ओवा, गवती चहा आणि एक कढीपत्ता लावला होता.

"म्हणजे वहिनी," ते हळूच म्हणाले, "आम्हाला हे घर सोडायला लागणार?"

त्यांचा आवाज ऐकून माझे क्रीम रंगाचे पडदे जागच्या जागी गळून पडले. "छे हो! घर नाही सोडायचं. फक्त सही करायची. तुम्ही इथे, आम्ही तिथे. तुमची सही झाली नाही तर आमचं घर विकलं जात नाही."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं! सावंतवहिनी इतका वेळ उभ्या होत्या. त्या सावकाश खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. मी सेक्रेटरी आहे. अध्यक्ष कसे बसतात ते मला कळतं.

"म्हणजे पाटणकरवहिनी, कागदावर हे घर तुमचं?"

"कागदावर."

"ही आतली बेडरूमची भिंत, पोपडे आलेली?"

मला पुढचं दिसायला लागलं. "कागदावर... आमची."

"मग ज्याची भिंत त्याने रंगवावी! कधी येताय डबा-ब्रश घेऊन?"

जिन्यातून विलासच्या हसण्याचा आवाज आला. नवरा कोणाच्या बाजूने आहे ते अशा वेळी कळतं.

"रंगवते की!" मी म्हटलं. "पण मग ते गळकं बाथरूम कागदावर तुमचं. ज्याचं बाथरूम त्याने दुरुस्त करावं, हे कोण म्हणालं होतं?"

"ता माझा बाथरूम?" संताप आला की सावंतवहिनींचं मालवण जागं होतं. "माका काय सांगतंस? मी माझ्याच बाथरूमाक चार वर्सां शिव्या घालतंय?"

"आणि मी माझीच भिंत रंगवायला चार वर्षं नाही म्हणतेय!"

मग सावंतांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. बघते तर नकाशा तोंडावर धरून ते गदागदा हलत होते. सावंतवहिनी त्यांच्यावर ओरडायला गेल्या आणि मध्येच फसकन हसल्या. मग मी. मग दोन पायऱ्या चढून विलास आत आला आणि निर्लज्जपणे म्हणाला, "वहिनी, तुमचे डास परत घ्या आता." पुढची दहा मिनिटं नुसता गोंधळ!

चहा झाला. ठरलं असं, की सहीच्या आधी बाथरूम आणि भिंत दोन्ही नीट करायची, खर्च अर्धा अर्धा. प्लंबरने फरशी उचकटली. गळका पाइप ना आमच्या बाजूला होता ना त्यांच्या, तो बरोब्बर भिंतीच्या पोटात होता. ती भिंत कोणाची हे विचारायचं धाडस कोणीही केलं नाही.

बिल्डर आता म्हातारा झालेला. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाकावर त्याने सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाला, "एवढंच ना? किल्ल्यांचे पुठ्ठे बदलले असतील. पेंटर पोरगा होता एक, तो नेहमी उलटसुलट करायचा."

"नेहमी?" पेठेबाईंनी पटकन विचारलं. त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. मी त्यांना हात धरून खिडकीपाशी नेलं आणि सांगितलं, की ह्या इमारतीत अजून बरीच कुटुंबं सुखाने नांदतायत, त्यांना नांदू द्या.

अंगठे उमटले, फोटो निघाले. (फोटोत सावंतवहिनी आणि मी एकमेकींकडे बघून हसतोय. सरकारी कागदावर असा फोटो दुसरा नसेल.) बाहेर आल्यावर माझ्या खांद्यांवरून जे काही उतरलं ते आमच्या सगळ्या सामानापेक्षा जड होतं. पाठोपाठ मुलांचं कर्ज झालं, टिटवाळ्याहून त्यांचा टेम्पो आला. त्यांना मी नाल्याबद्दल आणि डासांबद्दल सगळं खरं सांगितलं. त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "काकू, टिटवाळ्याला ह्याहून मोठे आहेत." माझं ओझं आणखी थोडं कमी झालं.

निघताना सावंतवहिनींनी एक पिशवी हातात दिली. आत आमसुलं होती आणि डासांच्या अगरबत्तीची दोन पाकिटं. "राहू दे गो. वासाची सवय आहे तुला. एकदम बंद झाला तर झोप नाही लागायची."

कोपरीचं घर घेताना मी काहीही नशिबावर सोडलं नाही. नकाशा मागवला, होकायंत्र आणलं, पेठेबाईंना लिफ्टपाशी उभं करून डावं-उजवं तीन वेळा बोलायला लावलं. बिल्डरचा माणूस शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्हालाच इथे नोकरीला ठेवतो." सगळं चोख. पाचवा मजला, डावा हात, खिडकीतून रस्ता. विलासचे गुडघे तर लिफ्टच्या प्रेमात पडले, उगाचच खालीवर करतो.

पहिल्याच आठवड्यात मी भाजी घेऊन आले. दोन्ही हातांत पिशव्या, कोपराने लिफ्टचं बटण दाबलं. डावीकडच्या दाराला किल्ली लावली, ती फिरेना. उलटी फिरवली, सरळ फिरवली, दार खांद्याने ढकललं, विलासच्या नावाने हाका मारल्या. दार उघडलं. आत एक अनोळखी बाई, हातात लाटणं.

"काकू, हा चौथा मजला. तुमचं घर वर."

मी पिशव्या खाली ठेवल्या, चष्मा नीट केला आणि तिला विचारलं, "कागद नीट वाचलेत ना तुम्ही?"