मिरची नसलेल्या खोलीत

नंदुरबारात मिरचीच्या हंगामात कोणी खोकलं तर त्याला कारण विचारत नाहीत. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर, ज्यांना इथे पथारी म्हणतात, लाल मिरची वाळत असते आणि वाऱ्याबरोबर तिची तिखट धूळ घरापर्यंत येते. माझ्या थोरल्या भावाची अशी एक पथारी आहे. त्याचा श्वास कोंडू लागला तेव्हा घरच्यांचं निदान आधीच झालेलं होतं.

सुरुवात खरोखर मिरचीपासूनच झाली. एका दुपारी वावटळ पथारीवरून गेली आणि भाऊ नेमका मध्यभागी उभा होता. बराच वेळ त्याला नीट श्वास घेता आला नाही. त्यानंतर पथारीच्या फाटकाशी पोहोचताच त्याची छाती धडधडू लागे, बोटांना मुंग्या येत, तोंडाला कोरड पडे. "मी मरी ऱ्हायनू," तो म्हणे, आणि ते त्याला तसंच वाटत असे.

देठ खुडणाऱ्या बायकांमधली एक म्हातारी विचारी, "शेठ, तुम्ही मिरची खातस का मिरची तुम्हले खास?" तो हसे आणि फाटकातूनच परत फिरे.

पुढे हेच बँकेच्या रांगेत झालं, मग लोणखेड्याला एका लग्नाच्या पंगतीत. तिथे मिरची वाळत नव्हती. त्यालाही घरात उत्तर होतं: कपड्यांतून आली. वहिनी त्याचे कपडे वेगळे धुऊ लागली. "तुम्हना आंगमाच मिरची घुशी गयी," ती म्हणाली. कोणाला ते चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही.

शेवटी भावाने पथारी मक्त्याने द्यायचं ठरवलं. घेणारा व्यापारी घरी येऊन चहा पिऊन गेला. मिरची मुठीत चुरगाळून तिचा ओलावा सांगणारा माझा भाऊ आता किराणा दुकान टाकण्याविषयी बोलू लागला. बोलताना तो कोणाकडे पाहत नसे.

दरम्यान मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. ईसीजी ठीक होता. थायरॉईड वाढलं तरी अशी धडधड होते, म्हणून रक्त तपासलं, तेही ठीक. मग डॉक्टरांनी भावाला खुर्चीत बसवून भराभर, खोल श्वास घ्यायला सांगितलं. थोड्याच वेळात त्याची बोटं वाकडी होऊ लागली, कपाळावर घाम आला. त्याने माझा हात घट्ट धरला.

"हाईच! हाईच व्हस मले!"

डॉक्टर शहाद्याकडचे. त्यांनी त्याला श्वास हळू करायला लावला आणि विचारलं, "आठे मिरची कोठे शे, भाऊ?"

भावाने खोलीभर पाहिलं. पांढऱ्या भिंती, वजनकाटा, फिनेलचा वास.

डॉक्टरांचं म्हणणं मला समजलं ते असं. धोका जाणवला की मेंदू शरीराला पळायला तयार करतो. मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथी रक्तात रसायन सोडतात, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या त्याने येतात. हवा मुळात कमी पडलेलीच नसते. धोका नसताना हे वारंवार होऊ लागलं आणि त्याच्या भीतीने माणूस जागा टाळू लागला, की तो आजार. काहींच्या घराण्यात ही प्रवृत्ती असते. मला वडील आठवले. ते कुठल्याही लग्नात मांडवाबाहेरच उभे राहत. सगळे त्यांना तिरसट म्हणत.

"म्हंजे हाई सम्दं मन्हा मनना खेळ शे?" भावाने विचारलं.

"खेळ नई. छाती खरीच धडधडस. कारण तेवढं मिरची नई."

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय रोज पथारीवर जायचं, झटका आला तरी निघायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, असं ठरलं.

पहिल्याच आठवड्यात झटका आला. भाऊ पोत्यावर बसला. मी बाजूला उभा होतो. एका बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ऱ्हाऊ दे मावशी. येस आन् जास."

"कोन येस?" तिने फाटकाकडे पाहिलं.

भाऊ धापा टाकत हसला. पण उठला नाही. धडधड ओसरल्यावर त्याने तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला आणि यंदा पथारी देणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून पुढल्या वर्षाचं विचारलं असावं. भाऊ म्हणाला, "ते पुढला वरीसले इचारा."