सातव्या महिन्यातली चावी

कोह टेक सेंग त्रेसष्ट वर्षांचा, आणि त्यातली शेवटची आठ वर्षं त्याने सिंगापुरात एका इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर पुठ्ठा अंथरून काढलेली. दिवसा जवळच्या खानावळीत लोकांची उष्टी ताटं उचलायचा. माणूस सरळ, पण पोलिसांना भ्यायचा नाही इतका भुतांना भ्यायचा.

सरकारी भाड्याची खोली एकट्याला मिळत नाही, जोडीदार लागतो. कचेरीतल्या रोहायनीबाईंनी त्याची गाठ लाऊ नी हॉकशी घालून दिली. हॉक जुना टॅक्सीवाला, एका पायाने अधू, तोंडाने फटकळ.

त्याच इमारतीतल्या खोलीची चावी आली, ती नेमकी चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात. त्या महिन्यात मेलेले मोकळे सुटतात, कुणी शहाणा घर बदलत नाही.

"अंकल, आज सही नाही केलीत तर नंबर पुन्हा शेवटी जाईल," रोहायनीबाई म्हणाल्या. टेक सेंगने सही केली, पण राहायला जाईना.

"सोळा दिवस उरलेत," तो हॉकला म्हणाला. "महिना सरला की येतो, अननस घेऊन." नव्या घरात शकुन म्हणून आधी अननस गडगडत सोडायचा, मग पाऊल टाकायचं.

"आठ वर्षं उघड्यावर झोपलास तेव्हा भुतांनी हात लावला नाही, आणि आता दार लावल्यावर खातील होय? मर तिकडे डासांत!" हॉक आपली पिशवी घेऊन वर गेला.

रोज सकाळी तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडायचा, "ए भित्र्या, कॉफी झाली का?" टेक सेंगला ते आवडायला लागलं होतं.

हॉक वर गेल्यापासून अकराव्या दिवशी हाक आली नाही. खिडकीतला दिवा मात्र भर दुपारी जळत होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. दोनदा टेक सेंग जिन्यापर्यंत गेला. चावी खिशात होती. पण वर हॉकबरोबर आणखी कुणी असलं तर? तो माघारी फिरला. रुसला असेल, त्याने मनाला समजावलं.

महिना सरला तसा तो अननस घेऊन वर चढला. कुलपात चावी फिरवतानाच वास आला. हॉक न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पालथा पडला होता, एक हात दाराकडे ताणलेला. पाय घसरून पडला, पण त्यानंतर दोन दिवस तरी जिवंत असावा, असं पोलीस म्हणाले. टेक सेंग ते ऐकून खाली पुठ्ठ्यावर जाऊन बसला.

"वाईट झालं, अंकल. पण तुम्ही आता पुन्हा एकटे," रोहायनीबाई हळूच म्हणाल्या. "महिन्याभरात दुसरा जोडीदार हवा, नाहीतर खोली परत."

पंचविसाव्या दिवशी जोडीदार मिळाला. योह बाक चाय, पुलाखाली राहणारा, हातात दोन पिशव्या. दाराशीच थबकला.

"काय रे, आधी कुणी राहत होतं का इथे?"

टेक सेंगने नवा अननस सोडला. तो गडगडत जाऊन न्हाणीघराच्या उंबऱ्याला टेकला.

"छे," टेक सेंग म्हणाला. "आपणच पहिले. ये, आत ये."