पहाटेचं पाणी

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावाचं तळं हिरवंगार पडत चाललं होतं, म्हणून ग्रामपंचायतीनं पाणी तपासायला मला बोलावलं. दर पंधरवड्याला मी दहाच्या एसटीनं जायची आणि भर दुपारी नमुना घ्यायची. बाटलीतल्या पाण्यात दोन औषधं घातली, की प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी बसतो, नसेल तर पांढरा. माझा गाळ दर खेपेला झकास तपकिरी. 'पाणी उत्तम' असा अहवाल सही ठोकून दिला आणि स्वतःवरच खूश झाले. गावाचं एक गटार आधीच तळ्यात येत होतं; त्या अहवालाच्याच जोरावर दुसरंही सोडायचं ठरलं.

तळ्यात मासे धरून पोट भरणाऱ्या एका बाईंनी मला बांधावर गाठलं.

"तुमचं पाणी उत्तम, मग माझं मासं का मरत्यात?"

"दुसरं काही कारण असेल," मी तोऱ्यात म्हणाले.

"तुम्ही येतायसा उन्हं डोक्यावर आल्यावर. एकदा पहाटं येऊन बघा की."

मला रागच आला. एसटीत बसल्यावर मात्र लाज वाटायला लागली. गटाराच्या पाण्यावर माजलेलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, हे मी जाणून होते. तरी नमुने घेत होते एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे.

पुढच्या खेपेला त्यांच्याच घरी मुक्काम केला. पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. बाटलीतला गाळ पांढरा.

आता माझीच सही मला खोटी पाडायची होती. पंचायतीत उभी राहून सांगितलं, की माझे अहवाल चुकले, पहाटे या पाण्यात प्राणवायू उरत नाही.

सरपंच म्हणाले, "तवा चुकलासा, मग आता बरोबर कशावरनं?"

"उद्या पहाटे तुम्हीच या."

घोंगड्या पांघरून सगळे आले. पांढरा गाळ सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. नवं गटार तर थांबलंच, जुनंही गावानं फावडी घेऊन वैरणीच्या गवताकडे वळवलं.

वर्षानं पहाटे पुन्हा गेले, तर गाळ तपकिरी. फिकट, पण तपकिरी. डोळे भरून आले. बाटली बाईंपुढे धरली, तर त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मासं आता वर येत न्हाईत, बाई. तुम्ही बी पहाटं झोपत चला की निवांत."