सलीम, घोडा आणि पडद्यावरची शांतता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपतं का?

मी शहाद्यात लग्नांचं शूटिंग करतो. माझा दोस्त सलीम घोड्यांची खोगिरं शिवतो आणि कविता करतो. त्याच्या एका कवितेवर आम्ही छोटीशी फिल्म केली. एक पांढरा घोडा तापीच्या पाण्यात उभा आहे, आणि ज्याच्या स्वप्नात तो आलाय त्याचीच वाट बघतोय – बस, एवढंच. मला तेव्हा ती कळली नव्हती. आता तरी कुठे कळलीय?

फिल्म फारशी कुणी पाहिली नाही. ज्यांनी पाहिली ते शेवटाबद्दलच बोलतात. आभाळ आडवं होतं, खुरं पाणी उडवतात, सलीमची टोपी वाहत जाते – आणि आवाज अजिबात नाही. एका प्राध्यापकांना त्या शांततेत मृत्यू दिसला. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

घडलं काय होतं? घोडा सारंगखेड्याच्या जत्रेतला, वरातीत नाचणारा. पाण्यात अगदी शहाण्यासारखा उभा होता, लगाम सलीमच्या हातात. तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला – आणि धंदाच लग्नांचा म्हटल्यावर रिंगटोन बँडचीच असणार ना? घोडा उठला दोन पायांवर आणि लागला नाचायला. मी दचकलो, स्टँडला पाय लागला, कॅमेरा वाळूत आडवा. आणि मी – मी पळालो. थेट काठावरच्या केळीच्या बागेत.

सलीमला पोहता येत नाही. हे मला ठाऊक होतं.

तो लगामाला लटकत, आपला आपण काठावर आला. तोवर मी परत येऊन कॅमेऱ्यापाशी वाकून बसलो होतो. त्याला वाटलं, मी तिथेच होतो. आजही टपरीवर तो चारचौघांत सांगतो, "मी बोंबली ऱ्हायनू व्हतू, पन यानी कॅमेरा सोडा नही. मन्ही कविता फक्त याले समजनी." आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगतो. मी पितो.

आवाज मीच काढून टाकला. फिल्ममधून – घरच्या कॉम्प्युटरवर तो अजून आहे. आधी बँड वाजतो, अगदी जवळ. मग सलीम, "ये ना भो, लगाम धर." पुन्हा, "ये ना भो." आणि बँड लांब लांब जात राहतो.

तो लांब जाणारा बँड म्हणजे मी.