रखमाजीची इर्जिक

मला लिहायची सवय नाही. पण आमच्या परंदवडीच्या रखमाजीबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून चुकतमाकत लिहितो.

रखमाजी आधी लोणावळ्याला रेल्वेत गँगमन होता. संपात नोकरी गेली आणि तो लाल बावटा घेऊनच गावी आला. डोंगरावरच्या ठाकरवाडीच्या आदिवासी मजुरांना त्यानं दुपारची सुट्टी मिळवून दिली. सत्तावन्न साली ग्रामपंचायतीत निवडून आला. बासष्टला चीनचं युद्ध झालं, तेव्हा लाल बावट्याच्या बऱ्याच लोकांबरोबर त्यालाही पकडून नेलं. गाव त्याला ‘चिनी’ म्हणू लागलं.

त्रेसष्टच्या आषाढात तो अजून आतच होता. भाताची रोपं जून होत चालली होती आणि त्याच्या बायकोकडे, सरुबाईकडे, एकच बैल. आठ दिवसांत लावणी झाली नाही तर वर्ष बुडणार. अशा वेळी आमच्याकडे इर्जिक करतात. सगळे आपापली बैलजोडी घेऊन येतात, घरधनी जेवण घालतो. मात्र बोलावणं घरधन्यानंच दारोदार जाऊन करायचं.

सरुबाई धोंडिबाआबांकडे गेली. आबा मोठे जमीनवाले, निवडणुकीत रखमाजीकडून पडलेले. मी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो.

“इर्जिक बाईनं सांगायची नसती, सरू. तुझ्या चिन्याला यिऊ दे.”

“त्यो यीस्तोवर रोपं थांबत्याल व्हय, आबा? गावाची हीर त्यानं पुण्याला खेटं घालून आनली. तिचं पानी पिताना न्हाई इचारलं, कंच्या देशाचं ते!”

आबा उठून घरात गेले. मी ओट्यावरून उतरून घरची वाट धरली, मला तेव्हाही बोलायला जमत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकरवाडीचा गेणू वीस माणसं घेऊन सरुबाईच्या शेतात उतरला. त्यांच्याकडे बैल कुठले? ते पायांनीच चिखल तुडवू लागले. थोड्या वेळानं बांधावर घुंगरं वाजली. आबा स्वतः जोडी घेऊन आले होते.

“मानसांनी राबायचं आन् बैलांनी गोठ्यात रवंथ करायचा, आसं चीनात आसतंय का रं गेणू?”

“चीनातलं ठावं न्हाई, आबा. काल तुमच्या गोठ्यात व्हतं.”

सगळे हसले, आबाही. मग मी माझी जोडी आणायला पळालो. दुपारपर्यंत सगळं गाव शेतात होतं. लावणी एका दिवसात झाली.

रखमाजी सुटून आला तेव्हा भात पोटरीला येऊन कणसं बाहेर पडायच्या बेतात होती. पुढल्या निवडणुकीत त्याच्या अर्जावर आबांनी सूचक म्हणून अंगठा उठवला. कुणी टोचलं तर म्हणाले, “चिनी आसंल, पर आमचा हाय.”

बाहत्तर साली रखमाजीनं आपणहून जागा सोडून ठाकरवाडीच्या कान्हूला उभं केलं. गावानं त्यालाही निवडून दिलं. एवढं मोठं मन गावाला रखमाजीमुळे आलं, असं मला वाटतं. चुकत असेन तर जाणत्यांनी सांगावं.