कानात सांगणारे डॉक्टर

माणसाच्या वजनाला माझ्या मामांच्या डॉक्टरांइतका मान देणारा माणूस मुळशी तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि मला आजवर त्यांच्याइतकी भीती दुसऱ्या कुणाची वाटलेली नाही. ते मामांचे शाळासोबती. पुण्याला जाऊन डॉक्टरकी शिकले आणि घोटावड्यात एका खोलीचा दवाखाना थाटून बसले. अंगानं इतके बारीक की सायकलवरून येताना लांबून नुसती सायकलच येतेय असं वाटे. ताप, खोकला, विंचू हे सगळं ते बघत, पण पोटापुरतं. त्यांचा जीव रमे तो वजनात. कुणाचं वाढलं, कुणाचं उतरलं, आणि का. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही यावर त्यांची अशी श्रद्धा होती की दोन सख्ख्या जावांना एकच पथ्य सांगायची वेळ आली असती, तर त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं असतं.

दर गुरुवारी ते मामांच्या गावी, रिह्याला, येत आणि भातगिरणीत पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर गावाची वजनं करत. दवाखान्यात काटा नव्हता असं नाही. पण दवाखान्यातल्या काट्यावर माणूस पोट आत ओढून उभा राहतो, पोत्यांच्या काट्यावर ते भान राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायकांना ते आधी डोक्यावरच्या भाऱ्यासकट, कडेवरच्या पोरासकट उभं करत आणि मग रिकामं. एकदा एका बाईनं भारा खाली ठेवायला सुरुवात केली तर म्हणाले, "असू दे गं. दिवसभर ह्येच वजन घिऊन चालतीस ना? मग तुजं वजन ह्येच." पुरुषांना चपला काढायला लावत नसत, पण फेटा काढायला लावत. फेट्यात माणूस स्वतःला जास्त भरतो म्हणे.

वजन झालं की ते रोग्याला गिरणीच्या मागच्या भिंतीशी नेत, आणि मान वाकवून त्याच्या कानात काय करायचं ते सांगत. कागद नाही, बाटली नाही. कानात, आणि वर दम, की कुणाला सांगायचं नाही. याचं कारण गावाचीच सवय. रिह्यात एकाला गुण आला की तेच औषध संध्याकाळपर्यंत दहा घरांत पोचायचं. "त्याला लागू पडलं, आपल्याला का न्हाई पडनार," हा तिथला शास्त्रार्थ. डॉक्टरांनी तो मोडायला कुजबुज काढली, आणि झालं असं की पूर्वी लोक औषध मागून घेत, ते आता चोरून घ्यायला लागले.

गावात एक उतरलेले पैलवान होते. तालीम सुटली पण खुराक सुटला नव्हता, त्यामुळे ते दाराच्या चौकटीतून तिरके होऊन बाहेर पडत. बांधावरून त्यांचं एका चुलत भावाशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून पैलवान सकाळ-संध्याकाळ नदीवर त्याच चुलत भावाच्या म्हशी धुताना दिसू लागले. पंधरा दिवसांत त्यांचा सदरा सैल झाला. मग गिरणीवाला नदीवर गेला, त्याच्यामागून तलाठी गेले, आणि चार मोठी माणसं हातात काथ्या घेऊन त्याच तीन म्हशींभोवती पाण्यात उभी. म्हशींच्या मालकाला वाटलं, कुणी नवस बोललंय. गिरणीवाल्याला नुसतं पडसं झालं आणि तो तक्रार घेऊन गेला, तेव्हा डॉक्टर भडकले. "त्या म्हशी पैलवानाचं औषध हाय. तुजं न्हाई."

असंच एका नव्या सुनेचं. पोर वाळत चालली होती. तिला त्यांनी सांगितलं की चुलीवरची पहिली भाकरी तू चुलीशीच बसून खायची, सगळ्यांच्या आधी. हे सासूच्या कानावर गेलं. सासूनं विचार केला की सुनेला जे चांगलं ते आपल्याला वाईट कसं असेल. दुसऱ्या भाकरीवर तिनं हक्क सांगितला. सून भरली, सासू फुगली, आणि सासऱ्यांच्या ताटात भाकरी यायला उशीर होऊ लागला म्हणून शेवटी तेच काट्यावर आले.

पण या सगळ्याहून भयंकर म्हणजे त्यांचं जेवायला येणं. पथ्य सांगण्याआधी ते त्या घरी एक वेळ जेवत. सांगून येत नसत. दारात सायकल टेकली की घरात धावपळ उडे. तुपाची बरणी लपे, आजाऱ्याच्या ताटातला भात कमी होई. डॉक्टर स्वतः चार घास खात आणि बाकी वेळ समोरच्याच्या हाताकडे बघत बसत. कुठला घास घाईनं गेला, कुठला घास नुसता फिरवला, हे सगळं त्यांना दिसे. मामी म्हणायची, "त्यो जेवाया न्हाई येत, झडती घ्याया येतुया."

मामीचा त्यांच्यावर राग होता. ती अंगानं भरदार, हसली की खांद्यापासून हलायची. गुरुवारी मोठ्या उमेदीनं काट्यावर चढली, तर डॉक्टर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, तुमचं वजन तुमच्या जागेवर हाय. काय करू नका." मामीला हे लागलं. "गावाला कानात सांगतुया, मला तेवडं चारचौघांत. मी काय परकी हाय व्हय?" तिला गुडघेदुखी होती, ती तिनं वजनावर टाकली होती, आणि आपलं खरं औषध डॉक्टर आपल्यापासून लपवतात याबद्दल तिची खात्री झाली होती.

माझं वय तेव्हा एकोणीस. पुण्यातली, इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी. गावात वाटे की मला मराठी बोलायची लाज आहे. खरं तर मला बोलायचीच लाज होती. त्या वर्षी एक स्थळ येऊन गेलं होतं आणि निरोप आला होता की मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा जास्त आहे. उन्हाळ्यानंतर दुसरे लोक येणार होते. आईनं मला सुट्टीभर मामाकडे धाडलं आणि मामासाठी चिठ्ठी दिली की हिला डॉक्टरांना दाखव. आईला माहीत नव्हतं ते हे, की माझ्या पिशवीत तळाशी एक तपकिरी बाटली होती. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या बहिणीला शहरातल्या कुणा डॉक्टरनं भूक मारायच्या गोळ्या दिल्या होत्या. तिचं लग्न ठरलं आणि उरलेल्या गोळ्या माझ्याकडे आल्या. त्या घेतल्या की भूक खरंच जाई. पण हात थरथरत, जीभ कोरडी पडे, आणि छाती अशी धडधडे की शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल असं वाटे. मी मरेन की काय, अशी भीती रोज वाटायची. ती भीती बरी, पण काट्यावर उभं राहणं नको, असं मी स्वतःला सांगायची.

मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सायकल दारात टेकली. मी पाटावर बसले, भाकरीचे तुकडे करत राहिले, आणि डॉक्टर माझ्या बोटांकडे बघत राहिले. गावाशी ते गावच्या भाषेत बोलत, माझ्याशी मात्र एकदम पुस्तकातल्यासारखं आणि अहो-जाहो. त्यानं मी जास्तच घाबरायची. हात धुतल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी क्षणभर धरत. माझं सोडलंच नाही.

"आत्ता कुठून धावत आलात का?"

"हो," मी म्हणाले. मी सकाळपासून जागची उठले नव्हते.

त्यांनी मला अंगणातल्या गोठ्याशी नेलं, मान वाकवली आणि कानात म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं ते मला अजून ठरवता येत नाही. आधी तुम्ही मला सांगायचंय. गुरुवारी गिरणीत या." मी मान हलवली. चौकटीतून मामी हे सगळं बघत होती. मी घरात आले तशी तिनं विचारलं, "काय सांगितलं गं?"

"काही नाही."

"असू दे, असू दे. सांगायचं नसतंय, ठाव हाय मला." पण तिचा चेहरा उतरला होता.

बुधवार माझा गुरुवारच्या भीतीत गेला. गुरुवारी सकाळी मी बाटली काढली तर झाकण तिरकं बसलेलं. गोळ्या मोजल्या. तीन कमी होत्या. मी पुन्हा मोजल्या. माझं गुपित कुणाला तरी कळलंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. ते गुपित कुणाच्या पोटात गेलं असेल, हे आलंच नाही. इतकी मी स्वतःपुरती घाबरले होते.

गिरणीत गर्दी होती. त्या दिवशी मामी कधी नव्हे ती भराभर चालत होती, सगळ्यांशी बोलत होती, दोघींना बाजूला सारून काट्यावर चढली. "बघा आता," म्हणाली. मग तिचा हात हवेत काहीतरी धरायला गेला आणि ती पोत्यांवर बसली. बसली म्हणजे कोसळलीच. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, ओठ कोरडे. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. नाडी धरली. "वहिनी, सकाळपासून काय खाल्लं?"

मामीनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. "काय न्हाई."

"काय घेतलंय का? काडा, मुळी, कुणी दिलेलं काय?"

"न्हाई म्हनलं ना."

तेव्हा मला कळलं, त्या तीन गोळ्या कुठे गेल्या. डॉक्टरांनी माझ्या कानात सांगितलेलं औषध ते हेच, आणि ते आपण चोरलं, असं मामीला वाटत होतं, आणि चोरी ती त्यांच्याच तोंडावर कशी कबूल करणार. बाया बोलत होत्या, ऊन लागलं, उपास घडला. डॉक्टर पेटीतून सुई काढत म्हणाले, "ऊनच असणार. तरतरीची सुई देतो." त्यांनी बाटलीत सुई घातली. मला औषधातलं काही कळत नव्हतं, पण मामीची छाती लुगड्याआडून उडताना दिसत होती आणि ती धडधड माझ्या ओळखीची होती. तिला आणखी तरतरी नको होती. गिरणीत पंचवीस-तीस माणसं असतील. तलाठी होते, पैलवान होते. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. दुसऱ्यांदा उघडलं.

"मामीनं माझ्या गोळ्या घेतल्यात," मी म्हणाले. "भूक मारायच्या. तीन. मी रोज एक घेते."

माझा आवाज इतका मोठा येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. गिरणीवाल्यानं इंजिन बंद केलं. डॉक्टरांनी सुई पेटीत परत ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाटली आणा. पळा." मी पळाले. परत आले तेव्हा गिरणीवाल्याची जीप सुरू होती, मामीला आत आडवं केलं होतं, आणि डॉक्टर तिचं मनगट धरून बसले होते. पिरंगुट गेलं, चढ गेला, पुणं आलं, त्यांनी ते मनगट सोडलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. ठोके मोजत होते की देवाचं नाव घेत होते ते मला कळलं नाही. मी मामीची पावलं मांडीवर घेऊन बसले होते आणि ती गार पडू नयेत म्हणून चोळत होते. एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

इस्पितळात तिला दोन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके ठिकाणावर आले. तिनं मला जवळ बोलावलं. "तुजं औषिद म्या खाल्लं, म्हनून देवानं दाखवलं बग."

"ते डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं, मामी. माझं मीच घेत होते."

तिनं उशीवरून मान वर केली. "आनि मंग तू का खातीस गं?"

मी तिची चादर सारखी करत बसले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि कूस बदलली.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर बाकावर बसले होते. आता बोलणी बसणार म्हणून मी उभीच राहिले. ते म्हणाले, "बसा. तुमचा हात धरला तेव्हाच मला शंका आली होती. सरळ विचारायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल." मग, "ती सुई दिली असती तर," एवढं म्हणून बाकाची कड बोटानं घासत राहिले. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होते. "गावाला लपवायला मीच शिकवलं," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी."

ते रिह्याला परतले आणि त्यांनी कानात सांगणं बंद केलं. पहिलं पथ्य सांगितलं ते माझं, मामाच्या अंगणात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं: "या मुलीला तीन वेळा पोटभर जेवू घाला आणि हिच्याशी बोला." मी तशी जेवले. पाहुणे आले, बघून गेले, त्यांचंही जमलं नाही. आश्चर्य म्हणजे मी त्यानं मेले नाही.

पण गावाला ही नवी पद्धत मानवली नाही. कुजबुजीतून मिळालेली भाकरी औषध वाटायची, मोठ्यानं सांगितलेली भाकरी नुसती भाकरी झाली. "डागदर पयल्यासारका ऱ्हायला न्हाई," लोक म्हणू लागले. पिरंगुटाला एक तरुण डॉक्टर आला होता, तो सगळ्यांना एकाच बाटलीतली सुई टोचायचा. लोक तिकडे वळले.

चार वर्षांनी मी मामीला भेटायला गेले तेव्हा गुरुवार होता. मामी ठणठणीत होती, तिचं वजन तिच्या जागेवर होतं. मी गिरणीत डोकावले. डॉक्टर एका म्हातारीला काट्यावरून उतरवत होते. आजूबाजूला पोती भरणारी चार माणसं. त्यांनी तिला खणखणीत आवाजात सांगितलं की दुपारी ताक घ्यायचं आणि लेकीकडे जाऊन यायचं. म्हातारी कान पुढे करून जराशी थांबली, अजून काही मिळेल म्हणून. मग "येवडंच व्हय?" म्हणून निघून गेली. ते तिच्या पाठीकडे बघत राहिले.

त्यांनी मला बघितलं, मामीच्या गुडघ्यांची चौकशी केली, पुण्याची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं. मला त्यांना म्हणायचं होतं की चूक तुमची नव्हती, माझी होती, आणि तुम्ही त्या जीपमध्ये मामीचं मनगट सोडलं नाहीत हे मी विसरलेले नाही. पण पोती भरणारी माणसं ऐकत होती. मामीसाठी मी एकदा तीस माणसांत बोलले होते. त्यांच्यासाठी मला चार माणसांतही बोलता आलं नाही. मी नमस्कार केला आणि गाडी पकडली.